बक्षीस आधी सांगायचं की नंतर?

आज दिवसभर इन्सेंटिव्हचीच चर्चा. पैसा दिसला की माणूस जोमानं कामाला लागतो, हे अर्धंच खरं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत की सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना तेच नंतर, अचानक दिलं. आठवडा-दोन आठवड्यांनी पाहिलं तर 'मिळेल' म्हणून रंगवलेली मुलं स्केचपेनांवर इतरांच्या निम्माच वेळ घालवत होती! अचानक मिळालेल्यांची आवड शाबूत. गोची बक्षिसात नाही, 'हे केलंस तर ते देईन' या अटीत आहे. मुळातच कंटाळवाण्या कामाला ही भीती नाही. तिथे खुशाल नगावर दर लावा. आणि पगारच तुटपुंजा असेल तर आवडीबिवडीच्या गप्पा मारूच नयेत.