गावाकडच्या दुसऱ्या घराची घरपट्टी: बिलाआधी नमुना ८ वाचा

शहरात राहून कोकणात, मुळशीत किंवा वाईजवळ घर घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न हमखास असतो: दुसरे घर म्हणून घरपट्टी जास्त लागते का? नाही. महाराष्ट्रात 'दुसऱ्या घराचा' असा वेगळा कर नाही. मालकाची आणखी घरे कुठे आहेत याच्याशी ग्रामपंचायतीला देणेघेणे नसते. ती पाहते बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, वय आणि वापर. या चारही गोष्टी नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत लिहिलेल्या असतात आणि बिलातला आकडा तिथूनच येतो. म्हणून बिल जास्त वाटले की आधी त्या पानाचा उतारा काढावा.

२०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर ग्रामपंचायत हद्दीत आकारणी भांडवली मूल्यावर होते. हिशोब असा: इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला बाजारमूल्य) दर, अधिक तेच क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, आणि या बेरजेला गुणिले वापराचा भारांक. निवासी वापराला भारांक १, औद्योगिकला १.२०, वाणिज्यिकला १.२५. आरसीसी बांधकामाचा घसारा दर, म्हणजे वयानुसार मूल्याचा जेवढा भाग हिशोबात घेतात तो, दोन वर्षांपर्यंत १०० टक्के धरतात, पाचपर्यंत ९५, दहापर्यंत ९०, वीसपर्यंत ८०. जुन्या घराचा कर कमी यायला हवा तो यामुळे.

एक उदाहरण मांडून पाहू. दर इथे सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. ८० चौरस मीटरचे, सहा वर्षे जुने आरसीसी घर. जमीन १,५०० रुपये चौरस मीटर, बांधकाम २०,००० रुपये. जमिनीचे १,२०,००० आणि बांधकामाचे ९० टक्क्यांनी १४,४०,०००, म्हणजे भांडवली मूल्य १५,६०,००० रुपये. ग्रामपंचायतीने भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांना १५० पैसे दर ठरवला असेल तर घरपट्टी २,३४० रुपये. दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी याच बिलात, पण वेगळ्या रकान्यांत येतात. पुष्कळदा वाढ तिथे झालेली असते आणि राग घरपट्टीवर निघतो.

आता हेच घर नोंदवहीत चुकीचे लिहिले गेले तर काय होते ते पाहा. वयाच्या रकान्यात 'नवीन बांधकाम' अशी नोंद झाली तर २,५८० रुपये. वापर वाणिज्यिक लिहिला तर २,९२५. आणि ८० चौरस मीटर म्हणजे ८६१ चौरस फूट. हा फुटांचा आकडा मीटरच्या रकान्यात गेला तर बिल थेट २५,००० च्या वर. करारनाम्यात फूट आणि नोंदवहीत मीटर असल्याने ही गफलत सहज होते. उतारा हातात आला की सर्वांत आधी एकक तपासा.

वापराच्या रकान्यावर बंगला भाड्याने देणाऱ्यांनी विशेष लक्ष ठेवावे. शनिवार-रविवार पर्यटकांना घर देत असाल तर वाणिज्यिक आकारणी होऊ शकते. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी असेल, तर ते प्रमाणपत्र जोडून निवासी दराची लेखी मागणी करा.

खरेदीनंतर सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लागले की काम झाले, असे बहुतेकजण धरून चालतात. नमुना ८ वरचे नाव आपोआप बदलत नाही. सूची २ (दस्तनोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू), खरेदीखताची प्रत, सातबारा आणि जुन्या मालकाची थकबाकी नसल्याची पावती जोडून ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यावा लागतो. मासिक सभेत ठराव झाला की नोंद होते. थकबाकीची चौकशी खरेदीआधीच करा, नंतर तगादा घरात राहणाऱ्याकडेच येतो. आणि उलटही लक्षात ठेवा: नमुना ८ वर नाव असणे म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नव्हे. तो कराचा कागद आहे. नुसत्या नमुना ८ वर घर विकणारा भेटला तर व्यवहार थांबवा.

घर वर्षभर कुलूपबंद असले तरी घरपट्टी माफ होत नाही. नळजोडणी मात्र लेखी अर्ज देऊन बंद करून घेता येते. तोंडी सांगितलेले नोंदीत येत नाही. पैसे भरताना नमुना १० ची पावती घ्या. ३० सप्टेंबरच्या आत भरणाऱ्याला चालू करात ५ टक्के सूट आणि वर्ष संपल्यावर थकबाकीवर ५ टक्के दंड, असे गणित आहे.

दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि हरकतीची मुदत नोटिशीत छापलेली असते. बाहेरगावच्या मालकांची संधी नेमकी इथे हुकते, कारण फलक वाचायला ते गावात नसतात. नोटीस शहरातल्या पत्त्यावर पाठवावी, असा अर्ज आधीच देऊन पोच घ्यावी. हरकत फेटाळली तर पंचायत समितीकडे अपील करता येते.

दुसरे घर पुणे महापालिकेच्या हद्दीत असेल तर हिशोब निराळा. तिथे ४० टक्के सवलत स्वतः राहत असलेल्या घराला आहे, त्यासाठी पीटी-३ अर्ज लागतो. भाड्याने दिलेल्या दुसऱ्या फ्लॅटला ती मिळत नाही.

भाडे येत असेल तर आयकर विवरणपत्रात भाड्यातून त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट. बिल मार्चमधले पण पैसे एप्रिलमध्ये भरले, तर वजावट पुढच्या वर्षी.