दक्षिणावर्ती शंख घेताय? आधी आतल्या वळ्या बघा

पंचवटीत पूजासाहित्य घेताना कुणी 'दक्षिणावर्ती' म्हणून शंख पुढे केला, तर किंमत विचारण्याआधी त्याच्या तोंडात बोट घालावं.

पूजेतला शंख म्हणजे टर्बिनेला पायरम या समुद्री गोगलगायीचं कवच. ती मन्नारच्या आखातात, तमिळनाडू-श्रीलंकेच्या बाजूला, वाळूत राहते आणि वाळूतले किडे खाते. जिवंतपणी शंखावर तपकिरी साल असते. ती काढून घासल्यावर पांढरा रंग निघतो.

शेंडा (वेटोळ्यांचं, फुंकायचं टोक) वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, की नेहमीच्या शंखाचं तोंड उजवीकडे येतं. पूजेच्या परंपरेत शेंडा खाली धरून पाहतात, म्हणून तोच वामावर्ती. शेंडा वर असताना तोंड डावीकडे आलं तर दक्षिणावर्ती. असा टर्बिनेला फारच दुर्मीळ. पण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर 'लाइटनिंग व्हेल्क' नावाची गोगलगाय आहे, तिचे जवळजवळ सगळेच शंख डावे! तेच इथे दक्षिणावर्ती म्हणून खपतात.

फरक बोटाला कळतो. टर्बिनेलाच्या आत, कवच ज्याभोवती वळत जातं त्या मधल्या दांड्यावर तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात. व्हेल्कचा दांडा गुळगुळीत, कवच हलकं, खांद्यावर गाठी. गाठी घासून काढता येतात, वळ्या मात्र बसवता येत नाहीत. कानाला लावल्यावर 'ओंकार' ऐकू येतो, ही खूण बिनकामाची. रिकामा पेलाही तसाच घुमतो.

वाजवायचा शंख वेगळा घ्या. तोंड तळहाताने घट्ट झाका आणि शेंड्याच्या भोकातून फुंका. कुठून हवा सुटली तर किड्यांनी पाडलेलं छिद्र आहे, मेणाने बुजतं. भोकाची कड बोटाला टोचत असेल तर ओठ फाटणार, ओल्या पॉलिश पेपरने घासून घ्या. कोरडं घासू नका, भुकटी नाकात जाते. नुसती फुंकर मारली तर फक्त हवा फुसफुसते. ओठ मिटून फुर्रर्र करायचं, गाल न फुगवता.

आणि तांब्या-पळीबरोबर शंखालाही चिंच-लिंबू लावायची सवय सोडा. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, आम्लाने बुडबुडे येऊन पृष्ठभाग विरघळतो. गेलेली चकाकी नुसतं धुऊन परत येत नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश, मग तोंड खाली करून सावलीत वाळवणं, एवढं पुरतं.