मागे कोणी नाही

"याच्या मागे कोणीच नाही उरलं, आत्या. डीएनए कुठून आणू याचा?" भाची सहज बोलून गेली आणि ब्रशनं दगडावरची धूळ झटकत बसली. मला ते अजून टोचतंय.

बाबांनी कामठीकडच्या खाणीवरून आणलेला तो दगड, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाच्या पानाचा ठसा असलेला. लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना बारीक जाळी. तिरप्या उन्हात धरला की जाळीचं एकेक घर दिसतं. आपल्याकडच्या कोळशात मोठा वाटा याच झाडांचा. मिशनरी हिस्लॉप साहेबांनी नागपूर परिसरातून गोळा केलेल्या अशा पानांवर १८६१ मध्ये लंडनला निबंध छापून आला होता. एवढा मान, आणि वंश सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच खुंटलेला. डीएनए काही इतका टिकत नाही. ग्रीनलंडच्या मातीत सापडलेला, २०२२ साली जाहीर झालेला, तोही फक्त २० लाख वर्षांचा.

मग जुन्या बीजधारी झाडांची नाती लागतात ती आज जगून असलेल्यांवरून. सायकस, गिंको, पाइन, नीटम यांची जनुकं शेजारी शेजारी मांडायची आणि कुठे काय बदललं ते बघायचं. नीटमच्या पानातही अशीच जाळी. शिवाय बाकी ठेवणही तशी, म्हणून तिला फुलझाडांची जवळची मानायचे. २००० च्या आसपास जनुकांनी तिला पाइनच्या गोतात नेऊन बसवलं. सायकसचं घराणं डायनोसॉरच्याही आधीचं, पण आजच्या बहुतेक जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांतल्या निघाल्या.

म्हणजे ज्याची पुढची पिढी आहे, त्याच्याच मागच्यांची चौकशी होणार. काल रात्रभर हेच. नुसतं झाडांचं नव्हतंच ते. दादा घराबद्दल बोलला तेव्हाही... जाऊ दे.

सकाळी तर्री-पोहे खाताना तिला विचारलंच. म्हणाली, "अगं, जनुकांतले फरक मोजून नुसते फरकच कळतात, वर्षं नाही कळत. अमुक फांदी निदान तेव्हा तरी फुटलेली होती, हे जीवाश्मच सांगतात. तिथून घड्याळ लावायचं. फक्त कोणत्या थरातला ते माहीत पाहिजे, नाहीतर शोभेचा दगड." आणि मग जाता जाता, भाचीत आत्याचाही सरासरी चौथा हिस्सा असतो म्हणे. हे मला कोणी आधी का नाही सांगितलं!

दगड उलटा केला. मागे बाबांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. खाण, खोली, महिना, सगळं त्यांच्या किरट्या अक्षरात. पोट्टी वाचून उडालीच. "आत्या, हे सोन्यासारखं आहे!"

जानेवारीत ती लखनौला, बिरबल साहनींच्या जीवाश्म-संशोधन संस्थेत जायचं म्हणतेय. दगड सोबत नेईल, मी हो म्हटलंय. तिकडची थंडी आपल्यापेक्षा वाईट, जाड रजई आत्ताच भरून घ्यायला हवी.