तुम्ही विचारलंत म्हणून: अस्सल पत्रा काढून कार्बन फायबर कशाला लावलं?

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या उपनगरांत वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. माझी १९६९ ची शेव्हरले कॅमेरो तिथे उभी असली की कोणीतरी बॉनेटवर टिचकी मारून बघतं. पत्र्याचा खणखणीत आवाज येत नाही, ठक असा बोदा आवाज येतो, कारण ते कार्बन फायबरचं आहे: राळेत (रेझिनमध्ये) घट्ट बसवलेलं कार्बनच्या धाग्यांचं कापड, पोलादापेक्षा खूप हलकं. मग प्रश्न ठरलेला. मंडळाच्या गणपतीत भेटणारी आपली माणसंही तेच विचारतात: "एवढी अस्सल गाडी, तिचे मूळचे पत्रे काढून हे कशाला लावलंत?"

आधी 'मूळचे' या शब्दाबद्दल. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. माझ्याकडे गाडी आली तेव्हा पुढच्या दोन्ही मडगार्डांचा खालचा भाग गंजून जाळीदार झाला होता आणि त्यावर बोटभर जाडीची लांबी (पुट्टी) थापलेली होती. पॉलिश पेपर मारायला घेतला तर पत्रा कुठे लागेचना. म्हणजे मडगार्ड बदलायचीच होती. प्रश्न होता तो नव्या पत्र्याची लावायची की दुसऱ्या कशाची.

दुसरी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. या गाड्या हलक्या करण्याचा खटाटोप आजचा नाही. तो ज्या कंपन्यांनी त्या बनवल्या, त्यांनीच सुरू केला. पाँटिअ‍ॅक कंपनीने १९६३ मध्ये शर्यतीच्या काही कॅटलिना गाड्यांच्या चासीला चक्क भोकं पाडली होती. फोर्डने १९६४ मध्ये थंडरबोल्ट ही शर्यतीची गाडी काढली, जेमतेम शंभर. तिचं बॉनेट आणि पुढची मडगार्ड फायबरग्लासची, काही काचांच्या जागी प्लॅस्टिक; रेडिओ आणि आर्मरेस्ट काढून टाकलेले. १९६८ च्या डॉज कंपनीच्या हेमी डार्टची दारं अ‍ॅसिडमध्ये बुडवून पातळ केली होती, आणि काच वरखाली करायला हँडलऐवजी नुसता पट्टा. त्या इंजिनिअरांना तेव्हा कार्बन फायबर मिळतं, तर ते त्यांनी पहिल्या दिवशी लावलं असतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोटारींच्या जगात ते रुजलं १९८१ मध्ये, मॅक्लारेनने फॉर्म्युला वनच्या गाडीचा सांगाडाच त्याचा बनवला तेव्हापासून.

आता फरक किती पडला. मी प्रत्येक भाग काढताना आणि बसवताना वजनकाट्यावर ठेवला. पोलादी बॉनेट २७ किलो, कार्बनचं ११. मडगार्ड एकेक साडेअकरा किलोचं, ते साडेचारवर आलं. डिकीचं झाकण १३ वरून ६. सगळं मिळून ३७ किलो. दीड टनाच्या गाडीत हे अडीच टक्क्यांच्या आत आहे, आणि ड्रॅग रेसवाल्यांचा (सरळ रस्त्यावर पाव मैल पळणाऱ्यांचा) जुना ठोकताळा लावला (शंभर पौंड कमी केले की पाव मैलात सेकंदाचा दहावा हिस्सा वाचतो) तर तेवढाही वाचत नाही. म्हणून फक्त वेगासाठी करणार असाल तर कार्बनपासून सुरुवात करू नका. माझ्या इंजिनचे बिडाचे हेड (सिलिंडरांवरची झाकणं) आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांत हवा नेणारे नळ) काढून अ‍ॅल्युमिनियमचे बसवले, त्यातच ३० किलो गेले, आणि खर्च कार्बनपेक्षा कमी.

पण वजन किती गेलं याच्याइतकंच ते कुठून गेलं हे महत्त्वाचं. या गाड्यांचं सगळं जड सामान नाकात असतं. माझ्या गाडीचं ५६ टक्के वजन पुढच्या चाकांवर होतं. बॉनेट आणि मडगार्ड हलकी झाली, इंजिनचं वजन उतरलं, बॅटरी डिकीत नेली. आता ते साडेत्रेपन्न टक्के आहे. फ्रीवेवरून उतरताना रॅम्पचं गोल वळण येतं तिथे पूर्वी गाडीचं नाक बाहेर ढकललं जायचं, स्टिअरिंग आणखी आणखी फिरवत राहावं लागायचं. आता एकदा वळवलं की गाडी तशीच वळते. मला हवं होतं ते हे.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची व्हायची नाही. पहिलं बॉनेट मी स्वस्तात घेतलं. वरून सुंदर तिरपी वीण, काट्यावर ठेवलं तर १९ किलो. कडेला घासून पाहिलं तेव्हा कळलं की वर कार्बनचा एकच पदर आहे आणि खाली सगळं फायबरग्लास. तेही मी लावलं, जुन्याच बिजागऱ्यांवर. त्या बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा २७ किलोचं पोलाद उचलून धरायला बनवलेल्या. बॉनेट बंद करायला दाबलं की मागची कड कमानीसारखी वाकायची, आणि महिन्याभरात बिजागरीपासून वीतभर तडा गेला. दुसऱ्या वेळी पूर्ण कार्बनचं घेतलं, स्प्रिंगा काढून गॅसचे हलके दांडे बसवले आणि पुढे दोन बॉनेट पिना लावल्या, कारण हलकं झाकण वाऱ्याने उचललं जायची भीती जास्त.

बसवायला वेळ लागतो तो फटींना. पत्रा ठोकून वळवता येतो, कार्बन वळत नाही. कड घासायची नाहीतर राळेत कापड भिजवून वाढवायची. साचा दुसऱ्याच कुठल्यातरी कॅमेरोवरून काढलेला, आणि १९६९ च्या दोन कॅमेरो तंतोतंत सारख्या निघतील ही अपेक्षाच चुकीची. माझ्या डाव्या फटीत आणि उजव्या फटीत चार मिलिमीटरचा फरक होता. मडगार्डच्या बोल्टांखाली पातळ चकत्या घालत, काढत तीन शनिवार-रविवार गेले.

आणखी एक, जे विकणारे क्वचितच सांगतात. कार्बन आणि धातू एकमेकांना टेकले आणि खारट पाणी लागलं की धातू झपाट्याने गंजतो, अ‍ॅल्युमिनियम तर फारच. म्हणून जिथे जिथे बोल्ट येतो तिथे मधे फायबरग्लासचा पदर आणि बोल्ट स्टेनलेसचे. उन्हात राळ पिवळी पडते, तिला अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट लागतो. मी तर वरून गाडीचाच हिरवा रंग मारला. वीण फक्त बॉनेटच्या आतल्या अंगाला ठेवली आहे, उघडल्यावर दिसते.

छत आणि मागच्या चाकांवरचे पत्रे मी कापले नाहीत, कापणारही नाही. या गाडीला मागे वेगळी चासी नाही, ते वेल्ड केलेले पत्रेच तिचा सांगाडा आहेत. दारंही पोलादीच राहतील. कार्बन वाकत नाही, फुटतं, आणि त्या दाराला लागून माझी मुलगी बसते. बदललं ते सगळं बोल्टवरचं आहे. जुनं बॉनेट आणि डिकीचं झाकण तेल लावून, चादरीत गुंडाळून गॅरेजच्या माळ्यावर ठेवलं आहे. तो पत्रा अजून चांगला आहे, आणि पुढे ज्याच्या हातात ही गाडी जाईल त्याला तो परत चढवायला एक दुपार पुरेल.