पाणी तर स्वच्छ आहे!

"अगं, पाणी आरशासारखं आहे, मग हे मासे सारखे वर येऊन तोंड का उघडतायत?" मैत्रीण रडवेली झाली होती. खरंच, टाकीच्या तळातला खडा न् खडा दिसत होता.

टेस्ट किट काढलं. नळीत टाकीतलं पाणी, वर औषधाचे थेंब. पिवळं राहायला हवं होतं, ते बघता बघता हिरवं झालं. अमोनिया! माशांच्याच घाणीतून पाण्यात उतरणारं विष.

आदल्याच दिवशी तिने फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून घासून नव्यासारखा केला होता. त्यावरच्या त्या चिकट तपकिरी थरातच अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे त्याचं बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. नळातल्या क्लोरीनने त्यांचाही निकाल लावला. (स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, पण हे आधी सांगतं कोण?)

क्लोरीन काढलेलं पाणी घालून थोडं पाणी बदललं, खाणं बंद ठेवलं.

"म्हणजे आता घाण तशीच ठेवायची?" ती वैतागून म्हणाली.

हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये. आपण पाणी डोळ्यांनी तपासतो, आणि अमोनियाला तर रंगच नसतो. चकाचक टाकीवाल्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

तुम्ही पाणी कधी तपासता? मासे वर आल्यावरच ना?