फ्रॉक, टोपी आणि फाशी

सिडनीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी चौथीच्या वर्गाला शिकवते. या टप्प्यावर मुलांना १७८८ साली इथल्या मूळ रहिवासी गडिगल लोकांच्या किनाऱ्याला लागलेली पहिली ब्रिटिश जहाजे आणि त्यांतून आणलेले कैदी शिकवावे लागतात. लहानपणी ‘काळे पाणी’ हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे फक्त अंदमान यायचे. आज मी जिथे राहते ते शहरच एके काळी लंडनचे काळे पाणी होते, हे मात्र इथे नोकरीला लागल्यावर खऱ्या अर्थाने कळले.

गेल्या ऑक्टोबरात मी वर्गात एक खटला चालवायचे ठरवले. खटला खरा होता. ५ ऑक्टोबर १७८८ रोजी लंडनमध्ये मेरी वेड आणि चौदा वर्षांची जेन व्हाइटिंग या दोघींनी मेरी फिलिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलीच्या अंगावरचे कपडे काढून घेतले: एक सुती फ्रॉक, खांद्यावरून घ्यायचे एक तागाचे वस्त्र आणि एक तागाची टोपी. फ्रॉक त्यांनी गहाणवटीच्या दुकानात विकला. मेरी वेड तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती आणि रस्ते झाडून लोकांकडे पैसे मागत असे.

पुरावा म्हणून मी शाळेच्या हरवलेल्या वस्तूंच्या पेटीतून एक चौकडीचा उन्हाळी फ्रॉक आणून टेबलावर ठेवला. तो इतका छोटा होता की माझ्या दोन पंजांखाली जवळजवळ झाकला गेला. बारा मुलांची ज्युरी बसली, आरोपींचे वय मी मुद्दामच सांगितले नव्हते, आणि ज्युरीने पाच मिनिटांत दोघींना दोषी ठरवले. शिक्षा विचारल्यावर एकाने ‘कपडे परत द्यायचे आणि माफी मागायची’ असे सांगितले, तर एकीने महिनाभर मधल्या सुट्टीत बाहेर सोडू नये असे सुचवले.

मग मी खरा निकाल वाचला. १४ जानेवारी १७८९ रोजी ओल्ड बेलीच्या न्यायालयाने दोघींना फाशी सुनावली, कारण साधी चोरी असा आरोप नव्हताच. भर रस्त्यात धाक दाखवून केलेली लूट असा तो होता, आणि त्या काळच्या कायद्यात त्याला मृत्युदंड होता. मेरीचे वय सांगितले तेव्हा वर्गात कोणी हललेसुद्धा नाही. एवढ्यावर तास संपवता आला असता, आणि खरे सांगायचे तर मी तसाच आखला होता.

घोटाळा माझ्याच हातून झाला. कामकाजाचे जे पान मी मुलांसाठी छापले होते त्यातले एक वाक्य मी वगळले होते, पण एका गटाकडे चुकून न कापलेली प्रत गेली. त्यातल्या मुलाने हात वर करून ते मोठ्याने वाचले: त्या पोरीला संडासात ढकलून द्यायचे माझ्या मनात होते आणि तसे केले असते तर बरे झाले असते, असे मेरी वेड म्हणाल्याची साक्ष होती. वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी मुलांपुढे एक गरीब, बिचारी मेरी उभी केली होती, आणि ही तशी नव्हती. “मिस, हे तुम्ही का काढलं होतं?” असे त्याने विचारले. तुम्हाला तिची कणव वाटावी म्हणून, असे मला कबूल करावे लागले. त्यावर एक मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, की ती वाईट बोलली हे खरे, पण वाईट बोलल्याबद्दलही कोणी दहा वर्षांच्या मुलीला फाशी देत नाही.

पुढचे मी भराभर सांगितले. मार्च १७८९ मध्ये तिसरा जॉर्ज राजा वेडाच्या आजारातून बरा झाल्याचे जाहीर झाले, त्या आनंदाप्रीत्यर्थ फाशीच्या कोठडीतल्या स्त्रियांची शिक्षा बदलून हद्दपारी करण्यात आली. म्हणजे मेरी वाचली ती वयामुळे नव्हे, तर राजाच्या प्रकृतीमुळे. हे मुलांना फाशीपेक्षाही विचित्र वाटले. ‘लेडी जुलियाना’ या स्त्री-कैद्यांच्या जहाजातून जवळजवळ वर्षभराचा प्रवास करून ती ३ जून १७९० रोजी सिडनीला पोहोचली, तिथून नॉरफॉक बेटावर गेली, आणि पुढे वोलाँगाँगजवळ १८५९ साली वारली. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केविन रड हे तिच्याच वंशातले, हे ऐकून मागच्या बाकावरून शिट्टी आली.

घंटा झाली तेव्हा तीच शांत मुलगी टेबलावरचा फ्रॉक उलटा करून कॉलरच्या आत काहीतरी शोधत होती. तिथे शाईने लिहिलेले, धुऊन पुसट झालेले एक नाव होते. दुसरीच्या वर्गातले आहे, असे म्हणून ती फ्रॉक घेऊन गेली आणि पुढच्या तासाला पाच मिनिटे उशिरा आली.