काळ्या पडद्याचं वजन

व्हिडिओ १५ जीबीचा, लांबी ४० मिनिटं. अर्जाच्या पोर्टलवर मर्यादा २०० एमबीची, तीही फक्त एमपी४, आणि मुदत त्याच रात्री बाराची. हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवत मॅडम म्हणाल्या, "झिप करून पाहिलं, काडीचाही फरक पडला नाही."

पडणारच नव्हता. कॅमेऱ्यातून बाहेर येणारा व्हिडिओ आधीच पिळलेला असतो, झिपच्या हाती काही लागत नाही. मग त्यांनी फोनवरच्या कुठल्याशा ॲपने तो लहान केला. फाइल मर्यादेत बसली, पण मॅडम सांकेतिक भाषा शिकवतात, आणि त्या फाइलमध्ये त्यांची बोटंच दिसेनात. हात हलला की त्या जागी नुसते चौकोन.

"रिझोल्यूशन आणखी उतरवू या का?" त्यांनी विचारलं.

सगळे हेच विचारतात. मी आधी कॅलक्युलेटर घेतला. फाइलची साइज म्हणजे सेकंदाला किती बिट, गुणिले किती सेकंद. या गुणाकारात रिझोल्यूशन येतच नाही. हातात आलेले बिट किती पिक्सेलांत वाटायचे, एवढंच ते ठरवतं. कंटेनरसाठी, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र बांधणाऱ्या वेष्टनासाठी, आणि एमबी मोजायच्या दोन पद्धतींच्या गोंधळासाठी थोडी जागा सोडून मी १९० एमबी धरले. ४० मिनिटांचे २४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ६३० किलोबिट. आवाज एकाच दुभाष्याचा, त्याला मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचे, ६४ किलोबिट पुरे. चित्राच्या वाट्याला ५६० उरले. मूळ फाइलमध्ये सेकंदाला ५० मेगाबिट होते.

कोडेक, म्हणजे व्हिडिओ पिळायची पद्धत, निवडायला फार वाव नव्हता. एचईव्हीसी तेवढ्याच दर्जाला बरेच कमी बिट घेतो आणि एव्ही१ त्याहूनही कमी, पण समोरचा परीक्षक कोणत्या जुन्या मशीनवर बघणार कोण जाणे. एच.२६४ हे २००३ सालचं स्टँडर्ड आहे आणि ते चालत नाही असं मशीन शोधावं लागेल. मुदतीच्या रात्री मी नव्याच्या मागे लागत नाही.

मग दोन तुकडे कापले, एकेक मिनिटाचे. एकात पडद्यावरच्या स्लाइड्स, दुसऱ्यात काळ्या पडद्यासमोर मॅडम. दोन्ही एक्स२६४ ला, म्हणजे एच.२६४ मध्ये पिळणाऱ्या एन्कोडरला, सीआरएफ २३ वर दिले, म्हणजे दर्जा धरून ठेव आणि साइज जाईल तिथे जाऊ दे. स्लाइड्सचं मिनिट ३ एमबीत आटोपलं. मॅडमचं मिनिट ६० एमबी झालं! आणि आपलं बजेट मिनिटाला पाच एमबीसुद्धा नव्हतं.

हात हलताहेत म्हणून, असं आधी वाटलं. पण एक बाई दोन हात हलवते, त्याला ६० एमबी कशाला लागतील? तुकडा चारशे टक्के मोठा करून एकेक फ्रेम पुढे सरकवला. हात ठीक होते. वळवळत होता तो मागचा काळा पडदा. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून कॅमेरामनने आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, चढवला होता, आणि त्या काळोखात प्रत्येक फ्रेमला करड्या-निळ्या ठिपक्यांची नवी रांगोळी पडत होती. एन्कोडर मागच्या फ्रेमवरून पुढची ताडतो. न बदललेल्या भागाला जवळपास फुकट सोडतो. ठिपक्यांचा हा नॉइज मात्र दर वेळी नवा, त्याचा अंदाज बांधताच येत नाही. त्यामुळे पडद्यावरची ती घाण इमानेइतबारे जपण्यात बिट जात होते आणि बोटांच्या वाट्याला उपास. ॲपनेही हेच केलं असणार, फक्त त्याच्याकडे बिट आणखी कमी होते.

डीनॉइजसाठी, म्हणजे ते ठिपके पुसायला, एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला एनएलमीन्स फिल्टर सुंदर आहे आणि असह्य संथ आहे. त्या रात्री तो परवडणारा नव्हता, म्हणून त्यातलाच वेगवान एचक्यूडीएन३डी लावला. पहिल्या फटक्यात पडदा शांत झाला, पण वेगाने फिरणाऱ्या हातामागे धूसर शेपूट दिसायला लागलं.

"हे चालणार नाही," मॅडम ठामपणे म्हणाल्या. "इथे बोट कधी मिटलं ते कळत नाही, आणि त्याने अर्थ बदलतो."

त्यांचं खरं होतं. फिल्टरचा काळानुसार मिसळण्याचा भाग उतरवला, पडद्यावर थोडा नॉइज राहू दिला. रिझोल्यूशन ७२० वर आणलं. फ्रेमरेट ५० वरून २५ केला. त्याखाली यायला मी तयार नव्हतो, कारण इथे हालचाल हाच मजकूर होता. शेवटी टू-पास. पहिल्या फेरीत एन्कोडर फक्त बघून घेतो की कुठे किती लागेल, दुसऱ्या फेरीत स्लाइड्सकडून वाचलेले बिट हातांना देतो. ठरलेल्या साइजला नेमकं बसायचं असेल तर सीआरएफपेक्षा हाच मार्ग.

फाइल १८७ एमबी आली. मॅडमनी बोटं दिसतात का ते आवाज बंद करून तपासलं, दोन ठिकाणी थांबल्या, मग मान हलवली. मी फास्टस्टार्ट लावून फाइलची अनुक्रमणिका शेवटून सुरुवातीला आणली, नाहीतर ब्राउझरमध्ये व्हिडिओ सुरू व्हायला उगाच वेळ लागू शकतो. याला पुन्हा एन्कोड करावं लागत नाही, काही सेकंदांचं काम. अपलोड साडेअकराच्या आसपास पूर्ण झालं.

"आता ती १५ जीबीची पुसून टाकू?" हार्ड डिस्क पर्समध्ये टाकता टाकता त्यांनी विचारलं.

मुळीच नाही म्हटलं, उलट तिची आणखी एक कॉपी करा.